परळला उपचार, मुक्काम कुठे?

देवगिरी एक्स्प्रेसमधून दादरला उतरलो तेव्हा नुकतं फटफटत होतं. माझ्या दोन्ही खांद्यांना पिशव्या. माई, म्हणजे माझ्या सासूबाई, एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताने परभणीच्या डॉक्टरांनी दिलेले कागद छातीशी धरून उभ्या. टॅक्सीत बसताना मी ‘टाटा’ एवढंच म्हटलं. टॅक्सीवाल्यानेच विचारलं, राहायची सोय झालीय का? नसेल तर ओळखीचं लॉज आहे, स्वस्त आणि हॉस्पिटलच्या अगदी जवळ. माईंचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. मी हो म्हटलं.

लॉज तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट नव्हती. प्रत्येक वळणावर माई कठड्याला धरून थांबायच्या, श्वास घ्यायच्या, मग पुढची पायरी. संडास मजल्याच्या टोकाला, तोही उकिडवं बसायचा. खोलीत शेगडी लावायला बंदी. पैशांचा हिशोब दुपारी कळला. तिथे दिवस दुपारी बाराला संपत होता. आम्ही सकाळी सातला आलो होतो, म्हणजे पाच तासांचे पूर्ण दिवसाचे पैसे गेले आणि बारा वाजता दुसऱ्या दिवसाचे सुरू झाले. ‘तुमचा दिवस चोवीस तासांचा की बारा ते बारा?’ हा प्रश्न पैसे देण्याआधी विचारायचा असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पुढे आम्ही साडेसात आठवडे मुंबईत काढले, तीन जागा बदलल्या. आता आमच्या भागातून कुणी टाटाला निघालं की कुठून तरी माझा नंबर मिळवून फोन करतं, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘ताई, खोली कितीला मिळेल?’ मी सांगते, भाड्याचं नंतर बघू. आधी उपचार कसला, किती दिवसांचा आणि परळला की खारघरला, ते सांगा. खोली त्यावरून ठरवायची असते. भाड्याचा आकडा पुढे धरून निघालेली माणसं बहुतेक वेळा जास्त पैसे घालवतात आणि पेशंटला दमवतात.

टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून परळला आहे. शेजारीच केईएम आणि वाडिया. देशभरातून आजारी माणसं याच एका तुकड्यात येतात, त्यामुळे परळ, भोईवाडा, शिवडी, लालबाग या पट्ट्यात स्वस्त खोलीला कायम रांग असते. जेरबाई वाडिया रस्त्याच्या फुटपाथवर आणि हिंदमाताच्या पुलाखाली चादरी अंथरून राहिलेली कुटुंबं तुम्हाला दिसतील. बंगाल, बिहार, उत्तर प्रदेशची, आणि आपल्या मराठवाड्या-विदर्भातलीही. गळ्यातलं डोरलं किंवा गोठ्यातली जोडी विकून आणलेले पैसे तपासण्यांतच संपतात, आणि राहण्याचा खर्च निघताना कुणी धरलेलाच नसतो. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून बऱ्याच उपचारांचा खर्च भागतो, पण सोबतच्या माणसांच्या मुक्कामाचं भाडं त्यात येत नाही. म्हणून घरून निघतानाच मुक्कामाचे पैसे वेगळे बांधा आणि औषधाच्या पैशांत मिसळू देऊ नका.

आधी उपचाराचं वेळापत्रक

पहिले काही दिवस तपासण्यांचे. आज रक्त, परवा स्कॅन, मग बायोप्सीच्या रिपोर्टची वाट. या दिवसांत मुक्काम किती लांबेल हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगू शकत नाहीत. अशा वेळी महिन्याची खोली घेऊन डिपॉझिट अडकवू नका. दिवसाच्या हिशोबाची जागा, थोडी महाग पडली तरी, या टप्प्यात बरी.

पहिल्या रात्रीपुरता रेल्वेच्या रिटायरिंग रूमचाही विचार करा. कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआरवर ती आधी बुक करता येते, पैसे थेट रेल्वेच्या यंत्रणेत जातात आणि दलालाचा संबंध येत नाही. खोल्या थोड्या असतात, म्हणून तिकीट हातात पडलं की लगेच बघा.

रेडिएशनचं गणित वेगळं. ते साधारणपणे सोमवार ते शुक्रवार रोज असतं. मशीनवर काही मिनिटंच लागतात, पण रोज जावं लागतं, आणि तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरला हे सहा-सात आठवडे चालतं. पहिल्या दोन आठवड्यांत माणूस चालतो-फिरतो, आपल्याला वाटतं लांबूनही जमेल. चौथ्या आठवड्यापर्यंत गिळणं अवघड झालेलं असतं, अंगातली ताकद गेलेली असते. जागा निवडताना पहिल्या आठवड्यातला पेशंट डोळ्यांसमोर ठेवू नका, पाचव्या आठवड्यातला ठेवा.

केमो बऱ्याचदा तीन आठवड्यांतून एकदा असते. मधल्या काळात डॉक्टरांची परवानगी असेल तर घरी जाता येतं किंवा डोंबिवली-कल्याणच्या नातेवाइकांकडे राहता येतं. एक सावधगिरी मात्र जिवाची आहे. केमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्याच्या आसपास रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. त्या दिवसांत १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठायचं असतं. म्हणून लांबच्या जागेत राहणार असाल तर रात्री दोन वाजता गाडी कोण देईल, हे आधीच ठरलेलं हवं. खोलीत थर्मामीटर हवा. सामायिक हॉलमध्ये वीस माणसांत झोपणंही त्या काळात टाळलेलं बरं.

आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी विचारा: पुढचा उपचार परळलाच आहे ना? टाटाचं दुसरं मोठं केंद्र खारघरला सेक्टर २२ मध्ये आहे, ज्याला सगळे अ‍ॅक्ट्रेक म्हणतात. परळला नाव नोंदवलेल्या काही पेशंटना पुढे तिकडे पाठवतात. आमच्या शेजारच्या खोलीतल्या कुटुंबाने भोईवाड्यात महिन्याचं भाडं भरलं आणि चार दिवसांनी रेडिएशनची तारीख खारघरची मिळाली. परळहून तिकडे जायला रुग्णालयाची बस आहे, पण रोजच्या येण्या-जाण्यात पेशंटचा दिवस संपतो. उपचार खारघरला असेल तर मुक्कामही खारघर, बेलापूर, पनवेलकडेच शोधा; तिथे परळपेक्षा हवेशीर खोल्या मिळतात. ते केंद्र खारघर स्टेशनला लागून नाही, पुढे रिक्षा करावी लागते, तेही हिशोबात धरा.

आता भाड्याकडे येऊ. समजा परळला दिवसाला आठशेची खोली आहे आणि मानखुर्दला चारशेची. चारशे वाचले असं वाटतं. पण पेशंटला लोकलमध्ये चढवणं जमेना आणि टॅक्सीला जाऊन-येऊन सहाशे लागू लागले, की चारशेची खोली हजाराला पडली. त्यात बाहेरचं जेवण धरा. शेगडी लावू देणारी सहाशेची खोली ही शेगडीला बंदी असलेल्या चारशेच्या खोलीपेक्षा स्वस्त असते. भाडं, रोजचा प्रवास आणि दोन माणसांचं जेवण या तिन्हींची बेरीज करा आणि मग जागांची तुलना करा. कागदावर लिहून करा, कारण त्या दिवसांत डोकं ठिकाणावर नसतं.

सोशल वर्करची खिडकी

नाव नोंदवून फाईल हातात आली की लॉज शोधायला बाहेर पडण्याआधी रुग्णालयातल्या मेडिकल सोशल वर्करला भेटा. पैशांच्या मदतीसाठी त्यांच्याकडे जातात हे बऱ्याच जणांना माहीत असतं. राहण्याच्या सोयीची माहिती आणि पत्रही तिथूनच मिळतं, हे माहीत नसतं. आम्ही त्या खिडकीपाशी नवव्या दिवशी पोचलो. नऊ दिवसांचं लॉजचं भाडं गेलं होतं.

परळ-दादरच्या बहुतेक धर्मशाळा आणि सेवा-सदनं हे पत्र मागतात. दादर पूर्वेला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे कॅन्सरचे पेशंट मोठ्या संख्येने राहतात, जे. जे. रुग्णालयाजवळही गाडगेबाबांची धर्मशाळा आहे. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला वारकऱ्यांसाठी, गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतःसाठी मात्र घर बांधलं नाही. १९५६ साली ते गेले. त्यांच्या नावाच्या छपराखाली आज कर्करुग्ण झोपतात, याचं मला फार मोल वाटतं. परळलाच नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. पेशंट लहान मूल असेल तर सेंट ज्यूड संस्थेचं नाव आवर्जून काढा. बाहेरगावाहून आलेल्या कर्करुग्ण मुलांना आई-वडिलांसह राहण्याची सोय ही संस्था २००६ पासून विनामूल्य करते. तिथे प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र जागा आणि सामायिक स्वयंपाकघर मिळतं. प्रवेश रुग्णालयाच्या शिफारशीनेच होतो, परस्पर जाऊन उपयोग नाही.

जागा मागितल्याबरोबर मिळेल असं धरू नका. एकाच ठिकाणी नाव लावून स्वस्थ बसू नका, दोन-तीन ठिकाणी लावा. फोनवर ‘जागा नाही’ हे उत्तर हमखास येतं. खोल्या रिकाम्या होतात सकाळी, सुट्टी मिळालेली माणसं गाडीच्या वेळेला निघतात तेव्हा. त्या वेळी समोर उभं असलेल्या माणसाला जागा मिळण्याची शक्यता अधिक. मी सलग पाच सकाळी गेले. पाचव्या दिवशी नगरचं एक कुटुंब सामान बांधत होतं.

सोबत काय न्यायचं? रुग्णालयाचं कार्ड आणि फाईल, पेशंटचं आणि सोबत्याचं आधार, दोघांचे पासपोर्ट आकाराचे फोटो, सोशल वर्करचं पत्र, आणि सगळ्याच्या चार-चार झेरॉक्स. झेरॉक्स गावातूनच काढून आणा. मूळ फाईल कुणाच्याही ताब्यात ठेवायला देऊ नका, झेरॉक्स द्या. पेशंटसोबत एक, फार तर दोन माणसांना राहू देतात, तेव्हा ‘सगळेच जाऊ, आधार होईल’ म्हणून पाच जण निघू नका. मुक्कामाला मुदत असते, ती वाढवायला उपचाराचा कागद दाखवावा लागतो. ही वाढ मुदत संपायच्या आधी मागा.

जिना, संडास, कडी, प्लग

धर्मशाळेत जागा मिळेपर्यंत, किंवा मिळालीच नाही तर, खासगी खोली बघावी लागते. खोली बघायला पेशंटला नेऊ नका. तुम्ही जा, पण पेशंटच्या पायांनी जिना चढा. किती पायऱ्या, कठडा कुठल्या बाजूला, रात्री दिवा असतो का. लिफ्ट असेल तर ती रात्री बंद करतात का, हे वॉचमनला विचारा, मालकाला नव्हे.

संडास खोलीला लागून असेल तर उत्तम. नसेल तर अंतर पावलांनी मोजा. कमोड नसला तर प्लॅस्टिकची कमोड-खुर्ची विकत घ्या. परळला रुग्णालयाजवळच्या दुकानांत मिळते आणि एकदा घेतली की घरीही कामाला येते. पेशंटला आत गेल्यावर कडी लावू देऊ नका. माईंना एकदा आत चक्कर आली. दार नुसतं लोटलेलं होतं म्हणून मी त्यांना सावरू शकले.

पाणी किती वाजता येतं आणि साठवायला पिंप आहे का, हे विचारा. प्यायचं पाणी उकळूनच द्या, त्यासाठी शेगडी किंवा विजेची किटली चालेल का, हेही त्याच वेळी स्पष्ट करून घ्या. गादीची शिवण उलटून बघा, लाकडी पलंगाच्या फटीही. काळे ठिपके दिसले तर ढेकूण आहेत असं समजा. स्वतःच्या दोन चादरी आणि मच्छरदाणी घरूनच आणा. खिडकी उघडते का? खोलीबाहेरच्या बोळात सिलिंडर, गाद्या, खोकी रचलेली असतील आणि बाहेर पडायला तेवढी एकच वाट असेल, तर कितीही स्वस्त असली तरी ती खोली घेऊ नका. आग लागली तर चालता न येणारं माणूस घेऊन तिथून बाहेर पडता येणार नाही.

प्लगबद्दल जरा जास्तच सांगते, कारण आमचं सगळं त्याच्यावर अडलं होतं. माईंना तोंडाचा कॅन्सर. वयाच्या दहाव्या वर्षापासून मिश्री लावायच्या. रेडिएशनच्या तिसऱ्या आठवड्यात तोंडात फोड आले आणि भातही टोचायला लागला. तेव्हापासून जे काही द्यायचं ते वाटून, गाळून. खिचडी, पेज, उकडलेलं अंडं, केळं, सगळं मिक्सरमधून. दुसऱ्या जागेत मालकाने मिक्सर लावू दिला नाही, लाइट बिल वाढतं म्हणून. मी रोज दोन वेळा शेजारच्या एका ज्यूसवाल्याकडे डबा घेऊन जायची. त्याने कधी पैसे घेतले नाहीत, पण दुपारी त्याच्याकडे गर्दी असायची आणि माई उपाशी वाट बघत बसायच्या.

तिसरी जागा धर्मशाळेतली. तिथलं स्वयंपाकघर सामायिक होतं. लांब ओटा, त्याच्यावर ओळीने शेगड्या, प्रत्येकीपुढे वेगळ्या मुलखातली बाई. माझ्या डावीकडे मुर्शिदाबादची एक होती. तिच्या नवऱ्याचा घसा. तिला मराठी येत नव्हतं, मला बंगाली. तिने माझी खिचडी बघितली, मान हलवली आणि स्वतःच्या पातेल्यातून पातळ मसूरडाळ माझ्या वाटीत ओतली. त्यात तिखट नव्हतं, आंबट नव्हतं, वर फक्त तूप. माईंनी त्या दिवशी पंधरा दिवसांत पहिल्यांदा पूर्ण वाटी संपवली. कुठल्या दुकानात पेंढखजूर स्वस्त, कुठल्या संस्थेकडून दुपारचं जेवण येतं, कुठल्या खिडकीवर कुठल्या दिवशी गर्दी कमी, हे सगळं मला त्या ओट्यापाशी कळलं. एकटी खोली आणि धर्मशाळा यांत निवड करायची वेळ आली आणि पेशंटची प्रतिकारशक्ती फार खालावलेली नसली, तर मी धर्मशाळाच सुचवेन. सोबत करणाऱ्या माणसालाही कुणीतरी लागतं.

बाई एकटी पेशंटला घेऊन राहणार असेल तर खोली दोनदा बघा, एकदा दिवसा आणि एकदा रात्री नऊनंतर. औषधाच्या दुकानापासून खोलीपर्यंतची वाट त्या वेळी चालून बघा. दाराला आतून भक्कम कडी आणि बाहेरून आपलं स्वतःचं कुलूप लागतं का, ते पाहा. त्याच मजल्यावर राहणाऱ्या एखाद्या बाईला बाजूला घेऊन विचारा, इथे कसं आहे. ती काय बोलते यापेक्षा बोलायला किती वेळ घेते, त्याकडे लक्ष द्या. लॉजमध्ये रजिस्टर पुढे करून ओळखपत्र मागितलं तर वैतागू नका. जिथे कुणाचीच नोंद होत नाही, तिथेच जपून राहायला हवं.

अंतर आणि पाऊस

नकाशावरचं अंतर मुंबईत फसवं असतं. प्रभादेवी आणि परळ ही स्टेशनं एकमेकांना लागून आहेत, पण वरचा जुना रस्तापूल सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या पुलाच्या कामासाठी बंद झाल्यापासून पश्चिमेकडून टॅक्सीला वळसा घालावा लागतो. म्हणून खोली शक्यतो रुळांच्या पूर्वेला, रुग्णालयाच्या बाजूला घ्या. परळला बहुतेक जलद लोकल थांबत नाहीत. कल्याण-ठाण्याकडून येणाऱ्यांनी दादरला उतरावं किंवा धीमी गाडी धरावी. हार्बरवरून येणाऱ्यांना शिवडी किंवा कॉटन ग्रीन जवळ पडतं.

लोकलमधल्या दिव्यांगांच्या डब्यातून कर्करुग्णांना प्रवास करता येतो. रुग्णालयाचं कार्ड जवळ ठेवा आणि डबा फलाटावर कुठे येतो ते आधी विचारून त्या जागी उभे राहा. सकाळी आठ ते अकरा पेशंटला घेऊन लोकलने निघायचं टाळा. रेडिएशनची वेळ दुपारची मिळते का, हे विचारून बघायला हरकत नाही. लांबच्या गाड्यांना सवलत आहे. उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं मूळ भाडं पूर्ण माफ, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सूट. त्यासाठी रुग्णालयाने भरून दिलेलं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. परतीच्या तिकिटाआधी ते मागून घ्या.

जून ते सप्टेंबर या काळात येणार असाल तर हिंदमाता हे नाव लक्षात ठेवा. तो भाग सखल आहे, जोराचा पाऊस झाला की तिथे पाणी तुंबतं. हार्बरची गाडीही कुर्ला-चुनाभट्टीच्या पट्ट्यात पाणी भरलं की थांबते. पावसाळ्यात रेडिएशन असेल तर खोली चालत जाण्याच्या अंतरावर घ्या, दिवसाला शे-दोनशे जास्त गेले तरी चालतील. चुकलेला दिवस डॉक्टर शेवटी भरून काढतात, पण मुक्काम तेवढा लांबतो. तळमजल्याची खोली जिन्याच्या दृष्टीने सोयीची वाटते, तरी पाणी आत येतं का, हे शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारल्याशिवाय घेऊ नका.

महिन्याची खोली आणि पैशांचा व्यवहार

दीड-दोन महिन्यांहून जास्त राहायचं असेल तर लालबाग, काळाचौकी, नायगाव, वडाळा भागातल्या चाळींत आणि जुन्या इमारतींत महिन्याच्या भाड्याने खोल्या मिळतात. दलाल बऱ्याचदा एका महिन्याचं भाडं दलाली म्हणून घेतो, म्हणून दोन महिन्यांसाठी दलालामार्फत जाणं परवडत नाही. धर्मशाळेतली जुनी माणसं, रुग्णालयातल्या आया, मेडिकलवाले, यांच्याकडे विचारा.

भाड्याचा करार लेखी आणि नोंदवलेला हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्स करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं हेही मालकाचंच काम. ‘दोन महिन्यांसाठी कशाला कागद?’ असं म्हणणाऱ्या मालकाला डिपॉझिट देऊ नका. किमान पैसे बँकेतून किंवा यूपीआयने, खुद्द मालकाच्या नावावर द्या आणि ते कशाबद्दल आहेत हे मेसेजमध्ये लिहून ठेवा. आत राहायला जाताना विजेच्या मीटरचा, भिंतींचा आणि नळांचा मोबाइलवर फोटो काढा.

गावाहून निघण्याआधी मोबाइलवर खोली बुक करायची घाई करू नका. प्रसिद्ध धर्मशाळांच्या नावाने खोट्या वेबसाइट आणि खोटे नंबर चालतात. फोटो खरे असतात, खातं भलत्याच माणसाचं असतं. आगाऊ पैसे कुणा व्यक्तीच्या खात्यावर मागितले, किंवा ‘आत्ता भरा, नाहीतर खोली जाईल’ अशी घाई केली, तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर पहिल्या तासातच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळण्याची शक्यता कमी. मुक्कामाच्या ठिकाणी कुणी धमकावलं, सामान अडवलं, तर ११२. रुग्णालयाच्या दारात ‘लवकर नंबर लावून देतो, खोलीही देतो’ म्हणणारा कुणीही भेटला तरी त्याच्यासोबत जाऊ नका.

हे सगळं करण्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: यातला कुठला भाग घराजवळ करता येईल? उपचाराची दिशा टाटाने ठरवून दिली की पुढची केमो जिल्ह्याजवळच्या केंद्रात घेता येते, असं बऱ्याच जणांच्या बाबतीत होतं. बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे. आपण विचारत नाही, कारण मोठ्या डॉक्टरांपुढे ते बोलायचं धाडस होत नाही. विचारा. माईंच्या नंतरच्या तीन केमो बार्शीला झाल्या, आणि त्या काळात त्या दर वेळी आपल्याच अंथरुणात झोपल्या.

आता दर काही महिन्यांनी फेरतपासणी असते आणि तिच्यासाठी आम्ही मुंबईत खोली घेत नाही. रात्रीच्या गाडीने निघतो, सकाळी दादरला उतरतो, स्टेशनच्या प्रतीक्षालयात तोंड धुऊन थेट रुग्णालयात जातो आणि त्याच रात्रीच्या गाडीने परत फिरतो. एका दिवसात सगळं उरकावं म्हणून रक्ततपासणी आणि डॉक्टरांची भेट एकाच तारखेला मिळेल का, हे आधीच्या खेपेलाच विचारून ठेवतो. सामान स्टेशनवरच्या क्लोकरूममध्ये ठेवता येतं, पण कुलूप नसलेली पिशवी तिथे घेत नाहीत. घरून निघताना चेन असलेली बॅग आणि एक छोटं कुलूप घ्या.